शहरातील आणि गावातील रिकामी घरे कशी मोजावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातील आपल्या तालुक्याच्या अहवालासाठी शहरातील आणि गावांतील रिकाम्या घरांचे प्रमाण काढायचे आहे. जनगणनेच्या तक्त्यांत शहरी भागातले प्रमाण ग्रामीण भागापेक्षा जास्त दिसते. आपण प्रत्यक्ष गावांतून फिरलात तेव्हा मात्र वाडीच्या वाडी कुलपात दिसली, आणि तालुक्याच्या ठिकाणी भाड्याची खोली मिळणे मुश्कील असल्याचे कळले. तेव्हा आकड्यांवर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, असे आपण विचारले आहे. गृहनिर्माणाच्या पाहण्यांत माझी तीसहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की दोन्ही खरे आहेत. ‘रिकामे’ हा एकच शब्द आपण तीन-चार निरनिराळ्या अवस्थांसाठी वापरतो. घर नेमके कोणत्या अवस्थेत आहे हे समजण्यासाठी ते वर्षातले किती महिने बंद असते आणि कोणत्या कारणाने बंद असते, या दोन गोष्टी विचाराव्या लागतात. आपल्या सरकारी तक्त्यांत नेमक्या याच दोन गोष्टी नाहीत.

प्रथम उपलब्ध आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ३३.०८ कोटी ‘जनगणना घरे’ नोंदली गेली आणि त्यांपैकी सुमारे २.४७ कोटी रिकामी होती, म्हणजे साधारण ७.५ टक्के. २००१ मध्ये एकूण घरे सुमारे २४.९ कोटी आणि रिकामी १.५८ कोटी होती. २०११ च्या आकड्यांची फोड केली तर शहरी भागात ११.०१ कोटींपैकी १.११ कोटी, म्हणजे १०.१ टक्के, आणि ग्रामीण भागात २२.०७ कोटींपैकी १.३६ कोटी, म्हणजे ६.२ टक्के घरे रिकामी होती. (त्याच जनगणनेत देशातील कुटुंबांची संख्या २४.६७ कोटी निघाली, आणि रिकामी घरे २.४६७ कोटी. हा निव्वळ योगायोग आहे, पण दशांश चिन्ह चुकल्यामुळे एकाच्या जागी दुसरा आकडा छापला गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या अहवालात हे आकडे घेतल्यास पुन्हा तपासून घ्यावेत.)

आता यांतील पहिली अडचण छेदाची आहे. जनगणनेच्या भाषेत ‘घर’ म्हणजे राहते घर नव्हे. रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य प्रवेशद्वार असलेली इमारत किंवा इमारतीचा भाग म्हणजे जनगणना घर. त्यामुळे दुकान, कार्यालय, शाळा, दवाखाना, कारखाना आणि देऊळ हे सर्व त्या ३३ कोटींत आले. रिकामे घर मात्र राहण्यासाठी आहे की दुकानासाठी, हे तक्त्यात कळत नाही. म्हणून वर काढलेले १०.१ आणि ६.२ हे टक्के देवळे व दुकाने धरून काढलेल्या छेदावरचे आहेत. छेदात केवळ राहती आणि राहणे व इतर वापर अशी मिश्र वापराची घरे घेतली, आणि त्यांत रिकामी घरे मिळवली, तर शहरी प्रमाण १२.४ टक्क्यांवर आणि ग्रामीण प्रमाण सुमारे ७.६ टक्क्यांवर जाते. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत शहरी घरांसाठी जो बारा टक्क्यांहून अधिकचा आकडा दिला आहे, तो अशाच छेदावर काढलेला आहे. दोन अहवालांत एकाच वर्षाचे दोन वेगवेगळे दर दिसले की वाचकाला कोणीतरी खोटे बोलत असल्याचा संशय येतो. वस्तुतः दोघांनी छेद सांगितलेला नसतो, इतकेच. आपण टक्केवारी लिहाल तेथे प्रत्येक वेळी ती कशाची टक्केवारी आहे हे त्याच वाक्यात लिहा.

दुसरी अडचण प्रगणकाच्या निर्णयाची आहे. घरयादी करताना घरात कोणी राहत नसेल आणि त्याचा इतर काही वापरही होत नसेल, तर ते रिकामे धरायचे असते. घरचे लोक तात्पुरते बाहेर असतील तर ते वापरातले पण कुलूपबंद धरायचे असते, आणि त्यासाठी तक्त्यात वेगळा रकानाही आहे. कुलपाकडे पाहून हा फरक कळत नाही, तो शेजाऱ्याला विचारूनच कळतो. मुंबईच्या एखाद्या संकुलात शेजारचा दरवाजा उघडतच नाही, किंवा उघडला तरी समोर कोण राहते हे त्यांना ठाऊक नसते. गावात उलटे होते. तेथे शेजारी जवळचाच भाऊबंद असतो आणि ‘येतात ना ते गणपतीला, घर काही ओसाड नाही’ असे तो अभिमानाने सांगतो. त्यामुळे अकरा महिने बंद असलेले घर वापरातले म्हणून नोंदले जाते. ग्रामीण दर कमी दिसण्यामागे या उत्तराचा मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे. शेजाऱ्याने यात काहीही लपवलेले नसते. त्याच्या दृष्टीने ते घर खरोखरच भरलेले असते.

तिसरी अडचण ऋतूची आहे, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हीच सर्वांत महत्त्वाची मानली पाहिजे. २०११ च्या जनगणनेची घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०१० या काळात राज्याराज्यांत वेगवेगळ्या वेळी झाली, तर माणसांची गणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली. आता कोकण आणि मराठवाडा शेजारी ठेवून पाहा. मे महिन्यात कोकणातील घरे उघडतात. शाळांना सुटी असते, आंबे-फणस उतरायचे असतात, लग्ने असतात आणि पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घर शाकारून घ्यायचे असते. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही तोपर्यंत परतलेली असतात. फेब्रुवारीत मात्र चाकरमानी मुंबईत असतो आणि ऊसतोडीचा ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडावर, पालाच्या कोपीत असतो. गावी म्हातारी माणसे उरतात, तीही सर्व घरांत नसतात. म्हणजे उन्हाळ्यातल्या घरयादीत ही गावे आपल्या सर्वांत भरलेल्या रूपात सापडतात आणि फेब्रुवारीतल्या शिरगणतीत रित्या रूपात. उन्हाळ्यातल्या घरांनी फेब्रुवारीतल्या माणसांना भागून दर घरी माणसे किती हे काढणारे तक्ते मी पाहिले आहेत, आणि त्यांवरून ‘ग्रामीण भागात घरे प्रशस्त झाली’ असा निष्कर्ष काढलेलाही पाहिला आहे. हा निष्कर्ष टिकणारा नाही.

या तीन अडचणी एकत्र आल्या की काय होते, हे एका उदाहरणापुरत्या रचलेल्या गावावरून स्पष्ट होईल. समजा, एका गावात २०० इमारती आहेत. त्यांपैकी २० दुकाने, गोठे, शाळा व देवळे आहेत. १२० घरांत बारमाही राहणे आहे. ३० घरे मुंबईकरांची असून गणपतीचे पंधरा दिवस आणि मे महिन्यातले पंधरा दिवस मिळून वर्षाकाठी एक महिना उघडतात. २० घरे वारसांच्या वादामुळे किंवा वारसच न उरल्यामुळे कायम बंद आहेत, आणि १० घरांचे छप्पर बसले आहे. मे महिन्यात मोजणारा, पडकी घरे वगळून आणि केवळ राहण्यायोग्य १७० घरांचा छेद घेऊन, २० घरे रिकामी धरील आणि ११.८ टक्के हा दर लिहील. जानेवारीत मोजणारा, पडकी घरे धरून, १८० पैकी ६० घरे रिकामी आहेत असे सांगेल आणि त्याचा दर ३३.३ टक्के येईल. दोघांनीही प्रामाणिकपणे काम केले आहे, तरी दर जवळजवळ तिप्पट झाला. आता तिसऱ्या पद्धतीने पाहू. १७० राहण्यायोग्य घरांचे वर्षाचे २,०४० ‘घर-महिने’ होतात. त्यांपैकी मुंबईकरांची ३० घरे प्रत्येकी अकरा महिने, म्हणजे ३३० घर-महिने, आणि वादातली २० घरे प्रत्येकी बारा महिने, म्हणजे २४० घर-महिने बंद असतात. एकूण ५७० घर-महिने रिकामे, म्हणजे २७.९ टक्के. माझ्या मते गावाची पाणीयोजना, दिवाबत्ती, घरपट्टीची वसुली आणि आरोग्य उपकेंद्राची गरज यांसाठी हाच दर उपयोगाचा आहे, आणि त्याबरोबर सर्वांत भरलेल्या आठवड्याचा दर वेगळा लिहायचा. नळाला पाणी सोडणाऱ्याला गणपतीतले गाव आणि जानेवारीतले गाव ही दोन वेगळी गावे वाटतात, आणि त्याचे वाटणे बरोबर आहे.

कोकणातील रिकामेपणाची पार्श्वभूमी आपल्याला ठाऊक असेलच, तरी अहवालात दोन आकडे अवश्य द्यावेत. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, आणि सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर आली. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर घसरली, आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा मात्र सुमारे ३६ टक्क्यांनी वाढला. हे आकडे सुटे सुटे वाचू नयेत, कारण पुष्कळदा ती एकाच कुटुंबाची कहाणी असते. आजोबा गावचे घर भावाच्या भरवशावर ठेवून गिरणीत आले आणि लालबाग-परळच्या चाळीत पागडीची खोली घेतली. मुलगा जागा अपुरी पडू लागल्यावर डोंबिवलीला किंवा विरारला गेला. गावचे घर सोडले नाही, चाळीतली खोलीही सोडली नाही. म्हणजे एका कुटुंबाच्या नावाशी तीन घरे जोडलेली आहेत आणि राहणे एकातच आहे. त्यातही चाळीतली खोली गणनेत रिकामी दिसेलच असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूने सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरली नाही तर ते ती रिकामी करून मागण्याचे एक कारण ठरू शकते. त्यामुळे कोणीतरी आठवड्याला जाऊन दिवा लावतो, झाडून घेतो आणि विजेचे बिल सुरू ठेवतो. गावातले घर बंद असून भरलेले सांगितले जाते ते जिव्हाळ्यापोटी, आणि शहरातली खोली बंद असून भरलेली दाखवली जाते ती कायद्यापोटी. गणना करणाऱ्याच्या कागदावर दोन्ही ‘वापरात’.

शहरातल्या उरलेल्या रिकाम्या घरांचे कारण मात्र पूर्णपणे वेगळे आहे, आणि ते समजण्यासाठी भाडे कायद्याचा इतिहास थोडा विस्ताराने पाहावा लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडे बहुतांशी १९४० च्या पातळीला बांधून ठेवले. घरमालकांनी त्यातून वाट काढण्यासाठी भाडेकराराऐवजी ‘परवाना’, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता केवळ जागा वापरण्याची परवानगी, देण्याची रीत स्वीकारली. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेचा ताबा असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. त्या वेळच्या गरजेतून केलेली ती दुरुस्ती होती, आणि तिने अनेक कुटुंबांचा निवारा वाचवला, हे मान्यच केले पाहिजे. पण आपली जागा दुसऱ्याला दिली तर ती एखाद्या दुरुस्तीने कायमची जाऊ शकते, ही धास्ती त्या एका तारखेने मध्यमवर्गीय मालकाच्या मनात बसवली, आणि ती पुढच्या पिढीकडे वारशाने गेली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या १९९९ च्या कायद्यात मुदत संपलेल्या परवानाधारकाकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत जागा परत मिळवण्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. कायद्याच्या दृष्टीने आज मालक बऱ्यापैकी सुरक्षित आहे. तरीही ‘भाडेकरू ठेवण्यापेक्षा कुलूप बरे’ हे वाक्य पाहणीत आजही सतत ऐकू येते.

धास्तीच्या जोडीला हिशेब आहे. समजा एक कोटी रुपयांच्या सदनिकेचे महिन्याला २५ हजार भाडे येते. वर्षाचे तीन लाख झाले, म्हणजे तीन टक्के. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, दलाली आणि रंगरंगोटी वजा केली की हाती येते ते बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजापेक्षा बरेच कमी असते. ज्याने घर भाड्यासाठी नव्हे तर किंमत वाढण्यासाठी घेतले आहे, त्याला इतक्या रकमेसाठी कटकट नकोशी वाटते, आणि बंद घराचा भुर्दंडही त्याला फारसा पडत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये ‘बिनभोगवटा शुल्क’ म्हणून जे आकारले जाते, ते नावावरून बंद घरावरचे शुल्क वाटते, पण प्रत्यक्षात घर भाड्याने दिलेल्या सभासदाकडून घेतले जाते. २००१ च्या शासन आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. घर नुसते कुलूप लावून ठेवणाऱ्याला ते लागू होत नाही. रक्कम किरकोळ असते हे खरे, पण ज्याने घर कोणाला तरी राहायला दिले त्यानेच जादा द्यायचे, हा संकेत मला नेहमीच खटकत आला आहे. आयकरातही स्वतःच्या वापराची म्हणून दोन घरे दाखवता येतात आणि त्यांच्यावर काल्पनिक भाडे धरले जात नाही, त्यामुळे दुसरे घर बंद ठेवण्यास करातून अडथळा येत नाही.

भोगवटा या शब्दाबद्दल येथेच एक खुलासा केला पाहिजे, कारण आपल्या मसुद्यात तो दोन अर्थांनी आला आहे. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा नियोजन प्राधिकरणाचा दाखला. त्यात कोणी राहते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. सातबाऱ्यावरचा भोगवटादार हा जमीन धारण करणारा. आणि आपल्याला हवा असलेला भोगवट्याचा दर म्हणजे राहण्यायोग्य घरांपैकी प्रत्यक्ष राहत्या घरांचे प्रमाण. या तिसऱ्या अर्थासाठी ‘वापराचा दर’ असा शब्द वापरला तर गोंधळ टळेल.

बिल्डरकडे न विकलेली घरे हा आणखी निराळा गट आहे. बातम्यांत येणाऱ्या न विकलेल्या घरांच्या आकड्यांत बांधकाम चालू असलेल्या सदनिकाही असतात, त्यामुळे ते जनगणनेच्या रिकाम्या घरांशी जुळत नाहीत. याउलट जनगणनेत छप्पर पूर्ण झालेली पण काम अपुरे असलेली इमारतही यादीत घेतली जाते, आणि शहराच्या वाढत्या कडेला अशा इमारतींमुळे दर फुगतो. आपल्या नगरपंचायतीच्या हद्दीत अलीकडे दुसऱ्या घरांचे प्रकल्प आले असतील तर त्यांची वेगळी नोंद करा. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत शहरी रिकामी घरे सर्वाधिक महाराष्ट्रात, सुमारे २० लाख, आणि शहरांत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख असल्याचे म्हटले आहे. प्रमाणात मात्र गुरुग्राम पुढे होते, सुमारे २६ टक्के, आणि तेथे नव्या, गुंतवणुकीसाठी घेतलेल्या घरांचा वाटा उघड आहे.

मुंबईतले रिकाम्या घरांचे हे आकडे सांगितले की सभेत कोणीतरी हमखास विचारतो: इतकी घरे रिकामी असताना निम्म्याच्या जवळपास मुंबई झोपडपट्टीत का राहते? प्रश्न मनापासूनचा असतो आणि मलाही तो अस्वस्थ करतो, पण त्याचे उत्तर वजाबाकीने मिळत नाही. केंद्राच्या तांत्रिक गटाने २०१२ साठी शहरी घरांची तूट १.८८ कोटी काढली होती, आणि तिच्यातला सुमारे ९६ टक्के वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा होता. ही तूट बहुतांशी बेघरांची नव्हती, तर एकाच खोलीत दाटीने राहणाऱ्या कुटुंबांची होती. २०११ मध्ये देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एका खोलीच्या घरात राहत होती. रिकामी सदनिका आणि दाटीची खोली यांच्यामध्ये भाड्याची बाजारपेठ असायला हवी, आणि नेमकी तीच आक्रसत गेली आहे. शहरी कुटुंबांत भाड्याने राहणाऱ्यांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. सरकारने बांधलेली घरेही रिकामी पडल्याची उदाहरणे आहेत. अशा सुमारे १.०८ लाख घरांना भाड्याने देण्यासाठी केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आणली. घर कामाच्या जागेपासून फार दूर असेल, किंवा मुंबईतल्या माहुलच्या पुनर्वसन वसाहतीप्रमाणे कारखान्यांच्या प्रदूषणाच्या सान्निध्यात असेल, तर ज्यांच्यासाठी बांधले ते लोकही तेथे राहायला तयार होत नाहीत.

थोडे रिकामेपण निरोगी असते, हेही अहवालात लिहा. एक कुटुंब जाते आणि दुसरे येते, त्या दरम्यान महिनाभर घर बंद राहणे स्वाभाविक आहे. भाडेकरू सरासरी दोन वर्षे टिकत असेल आणि मध्ये एक महिना जात असेल, तर सुमारे चार टक्के घरे नेहमीच रिकामी दिसतील. अकरा महिन्यांचा करार संपला की दर वेळी भाडेकरू बदलत असेल, तर हेच प्रमाण आठ टक्क्यांवर जाईल. तालुक्याच्या ठिकाणी भाड्याच्या घरांतले रिकामेपण याहून कमी असेल, तर आपल्याला ऐकू आलेली ‘खोली मिळत नाही’ ही तक्रार तिथूनच येते.

गोव्याचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे, कारण २०११ मध्ये तेथे साधारण पाचांत एक घर रिकामे आढळले. शहरातले आणि गावातले असे दोन्ही प्रकारचे रिकामेपण तेथे एकाच गावात भेटते. एका बाजूला परदेशी गेलेल्या कुटुंबांची, अनेक वारसांत अडकलेली जुनी घरे आहेत, आणि दुसऱ्या बाजूला बाहेरच्या लोकांनी सुटीसाठी घेतलेल्या नव्या सदनिका. दोन्हींना एका टक्केवारीत बसवले तर धोरण कोणासाठी करायचे हेच कळत नाही. जपानने हा गुंता बऱ्याच अंशी सोडवला आहे. तेथे दर पाच वर्षांनी घरांची पाहणी होते आणि रिकाम्या घरांचे भाड्यासाठी ठेवलेली, विक्रीसाठी ठेवलेली, सुटीची दुसरी घरे आणि इतर असे वर्ग पाडले जातात. २०२३ मध्ये तेथे सुमारे ९० लाख, म्हणजे १३.८ टक्के घरे रिकामी निघाली. पण काळजीचा विषय त्यांपैकी ‘इतर’ या वर्गातली सुमारे ३८.५ लाख घरे हा आहे, कारण त्यांना ना भाडेकरू हवा आहे, ना गिऱ्हाईक. आपल्या अहवालात असा एक तक्ता आला तरी तो जनगणनेच्या पुढचे पाऊल ठरेल.

आपल्या गावांत या ‘इतर’ वर्गाचे मूळ बहुधा वारसांत सापडेल. घर आजोबांच्या नावावर, हिस्सेदार वीस-पंचवीस, त्यांपैकी काही मुंबईत, काही बडोद्यात, एखादा परदेशात. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, आणि केला तर आपला हक्क वाढतो का, हे ठरत नाही. दोन पावसाळे शाकारणी झाली नाही की पाणी वाशांवर येते, वाशांना वाळवी लागते, आणि चिऱ्याच्या भिंती उभ्या असतानाच छप्पर बसते. तीन-चार वर्षांत घर ‘रिकामे’मधून ‘पडके’मध्ये जाते आणि मग गणनेतूनच नाहीसे होते. त्यामुळे रिकाम्या घरांची संख्या कमी झाली ही पुष्कळदा वाईट बातमी असते, म्हणून मागच्या यादीतले प्रत्येक बंद घर आज कोणत्या अवस्थेत आहे हे शोधा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही, हेही ध्यानात असू द्या. गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० पासून सुरू आहे, पण कोकणात वस्ती वाडी-वाडीने विखुरलेली असते आणि पुष्कळ घरे गावठाणाबाहेर शेतजमिनीवर असतात. तेथे प्रश्न सातबाऱ्यावरच्या सामाईक नावांचाच राहतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सुरुवात नमुना ८ च्या यादीने करा आणि वाडीनिहाय फेरीत आशा सेविकेला किंवा अंगणवाडी सेविकेला बरोबर घ्या. कोणत्या घरात कोण आहे हे त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाला माहीत नसते. मतदार यादीवर विसंबू नका, कारण मुंबईत राहणाऱ्या अनेकांची नावे अजून गावातच असतात. महावितरणकडून नावे वगळून, वाडीनिहाय आणि महिनेनिहाय वीजवापराचे आकडे मिळू शकले तर ते सर्वांत बोलके ठरतील. त्यासाठी किती युनिटांच्या खाली घर बंद समजायचे हा उंबरठा बाहेरून उसना घेऊ नका. आपल्याच गावातली नक्की बंद असलेली दहा घरे आणि नक्की राहती असलेली दहा घरे निवडून, त्यांच्या बिलांवरून तो ठरवा, कारण काही जण पडवीतला दिवा बारा महिने लावून ठेवतात. पंपाची आणि कायमस्वरूपी खंडित झालेली जोडणी वेगळी काढा.

शहर आणि गाव यांची सीमाही तपासून घ्या. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्याआधी तिथले टोलेजंग इमले ग्रामपंचायतीच्या दप्तरात होते, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदींवरून ग्रामीण दर काढणाऱ्याच्या हिशेबात ते गावची घरे म्हणून आले असते. आपल्या नगरपंचायतीची हद्द अलीकडे ठरली असेल तर जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करण्यापूर्वी वाड्या जुळवून घ्याव्या लागतील.

पुढच्या जनगणनेच्या घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा कालावधी ठरवण्यात आला आहे, म्हणजे पुन्हा एकदा कोकणचे गाव भरलेले असतानाच मोजले जाण्याची शक्यता आहे. म्हणून आपली पाहणी एकदाच करून थांबू नका, एक फेरी मे महिन्यात आणि दुसरी जानेवारीत करा, त्याच घरांची आणि त्याच क्रमाने. प्रश्नावलीत ‘घर रिकामे आहे का?’ हा प्रश्न ठेवू नका, कारण त्याचे उत्तर गावात कोणी सरळ देणार नाही आणि देताना त्याला वाईटही वाटेल. त्याऐवजी ‘या घरात शेवटची चूल केव्हा पेटली?’ आणि ‘गेल्या पावसाळ्याआधी घर कोणी शाकारले?’ हे दोन प्रश्न विचारा. पहिल्याच्या उत्तरातून महिने कळतील, आणि दुसऱ्याच्या उत्तरात जे नाव येईल त्याच्याशी बोलून घर बंद का आहे हे शेवटच्या रकान्यात लिहा.